रंगवलेलं पाणी

नागोया, १२ एप्रिल १९९९

प्रिय नोबुए,

इथली चेरी झडून गेली. तुमच्या हाचिनोहेला अजून कळ्याही आल्या नसतील.

पाकिटावरचं अक्षर मी ओळखलं नाही. एवढं मोठं, ओळ सोडून खाली उतरणारं. मला वाटलं, प्रदर्शन पाहून एखाद्या शाळकरी मुलानं लिहिलं असेल. दुसऱ्या पानावर कारण वाचलं. काचबिंदू. डावा डोळा गेला, आणि उजव्याची डॉक्टरांनी या वर्षाअखेरपर्यंतची मुदत दिली आहे. एकवीस वर्षांनी तुझं पत्र यावं आणि त्यात हे असावं, याचं फार वाईट वाटलं. तरी आपल्याला शाळेत सिस्टर बेनेडिक्टा समास सोडायला शिकवायच्या, तो तू सोडायला हवा होतास. आपल्याला म्हणजे मला. तू त्या शाळेत नव्हतीस, हे मी नेहमी विसरते.

तर वाचनालयातल्या माझ्या प्रदर्शनाची बातमी तुमच्या वर्तमानपत्रापर्यंत पोहोचली. खरं म्हणजे मोठं काही नव्हतं. तीन टेबलं, काचेखाली दोनशे कार्डं. लोक येतात आणि विचारतात, धरणांचीच का? मी म्हणते, इतर सगळ्या पोस्टकार्डांवर जे आहे ते दिसतं, धरणाच्या कार्डावर जे नाही तेही असतं. मग ते हसतात आणि चहाच्या टेबलाकडे जातात.

तू दोन गोष्टी विचारल्यास. तुझ्याच शब्दांत लिहिते, म्हणजे माझा समज चुकायला नको. "ताई, कामिओरी धरणाच्या एखाद्या कार्डात आपलं घर असेल, आणि घरात आई असेल, तर मला एकदा तिचा चेहरा बघायचाय. नजर जायच्या आत. आणि एवढं सांग, आपल्याला सोडून गेल्यावर ती मला न्यायला परत कधी आली होती का?"

आईचे फोटो बाबांनी न्हाणीच्या चुलीत घातले, हे तुला ठाऊक आहे. तू तेव्हा तीन वर्षांची होतीस, मी चौदाची. तुला तिचा चेहरा आठवत नाही यात तुझा दोष नाही.

ती परत आली नाही. आली असती तर मला कळलंच असतं ना.

कार्डांमध्ये शोधते. डोळ्यांना जप.

तुझी ताई


नागोया, ९ जून १९९९

प्रिय नोबुए,

पाऊस लागून राहिला आहे. या दिवसांत मी डबे उघडत नाही, कार्डांना ओल धरते. म्हणून उशीर झाला. तू तीन पत्रं पाठवलीस. तिसऱ्यात तर फक्त "ताई, काय झालं?" एवढंच. डोळे वाचवायचे तर कमी लिहावं, हे बरं केलंस.

सोबत कामिओरीचं एक कार्ड पाठवते. माझ्याकडे याच्या चार प्रती आहेत, तेव्हा परत करायची गरज नाही. तुझ्या मोठ्या भिंगाखाली धर. डावीकडे भिंत, उजवीकडे डोंगर, मध्ये सरोवर. आपलं घर सरोवराच्या उजव्या कोपऱ्यात, पाण्याखाली.

पण हे पाणी खरं नाही. हे तुला कुणी सांगितलं नसेल.

उद्घाटन एक ऑक्टोबरला ठरलं होतं. धरणाचे दरवाजे सप्टेंबरच्या मध्यात बंद केले आणि त्या वर्षी पाऊसच झाला नाही. समारंभाच्या दिवशी खोऱ्यात गुडघाभर पाणी होतं. पण पोस्टकार्डं तर आधीच छापायला हवीत, पाहुण्यांना वाटायला. तेव्हा कंत्राटदाराच्या फोटोवाल्यानं कोरड्या खोऱ्याचा फोटो काढला आणि त्यावर ब्रशानं सरोवर रंगवलं. निळसर पांढरा जाड रंग, वर बारीक लाटा. त्यावरून कार्ड छापलं. सगळीकडे असंच करत. पाच धरणांच्या कार्डांवर तरी मी रंगवलेलं पाणी पकडलं आहे. आपली घरं खरी बुडाली डिसेंबरात, पण कार्डावर ती सप्टेंबरातच बुडाली होती.

समारंभात प्रत्येक विस्थापित घराला सहा कार्डांचं पाकीट मिळालं, एक टॉवेल आणि लाल-पांढऱ्या गोड मांजूंचा डबा. बाबांनी टॉवेल वापरला. मांजू तू खाल्लेस. कार्डं मी ठेवली. माझा संग्रह तिथून सुरू झाला.

म्हणून या कार्डात कितीही शोधलंस तरी आई सापडणार नाही. पण तू शोधशील, हे मला माहीत आहे.

आणखी एक. तू विचारलंस, मी तुझ्यावर अजून रागावले आहे का. मी कशाला रागावू? रागावून तूच गेलीस. सेंदाईच्या त्या संगीतशिक्षकाशी तुझं लग्न ठरलं, आणि रीतीप्रमाणे त्याची आत्या आपल्या घराण्याची चौकशी करायला माझ्याकडे आली. चांगली बाई होती. चहा पिताना म्हणाली, "तसं काही लपवण्यासारखं नाही ना, बाळ?" मी कॉन्व्हेंटात शिकलेली. खोटं बोलले नाही. म्हटलं, आमची आई धरणाच्या कामावरच्या एका माणसाबरोबर पळून गेली. तिनं अर्धा चहा तसाच टाकला. पुढे जे झालं ते त्यांनी केलं, मी नाही.

तुझी ताई


नागोया, २० ऑगस्ट १९९९

प्रिय नोबुए,

तुला आनंद होईल असं लिहायचं आहे.

ओसू कानोनच्या देवळात अठ्ठावीस तारखेला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे उमेझावासान म्हणून एक म्हातारे पोस्टकार्डं घेऊन बसतात. वीस वर्षांची ओळख आहे. मी दिसले की शेजारच्या दुकानदाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणतात, "आल्या भिंतवाल्या बाई. लोक माझ्याकडे गेइशा मागतात, फुजी मागतात, ह्यांना सिमेंट पाहिजे." मागच्या महिन्यात मात्र मला हातानं जवळ बोलावलं. खालून एक पुठ्ठ्याचं पाकीट काढलं आणि म्हणाले, "बसा आधी. उभ्यानं बघायची गोष्ट नाही ही."

कामिओरीचा मूळ फोटो होता, नोबुए. ज्याच्यावर पाणी रंगवलं तो. फोटोवाला वारला, त्याच्या सुनेनं सगळं भंगारात काढलं, त्यातून आला. वहीच्या पानाएवढा आहे. रंगाला बेचाळीस वर्षं झाली, काही ठिकाणी तो तडकला आहे. उजव्या कोपऱ्यात नखाएवढा टवका गेला आहे आणि तिथून आपलं अक्रोडाचं झाड दिसतं. झाडाखाली एक बाही. बायकांच्या कामाच्या कपड्याची. मनगट आणि बोटं. बाकी सगळं पाण्याखाली.

मागे पेन्सिलीनं लिहिलंय: शोवा ३२, सप्टेंबर ३, दुपार. म्हणजे १९५७, धरणाचे दरवाजे बंद व्हायच्या आधी.

तारखेचा अर्थ तुला कळला का? आपण त्या आधी महिनाभर खालच्या गावच्या नव्या घरात राहायला गेलो होतो. तीन सप्टेंबरला वर कुणीही नव्हतं. घराचं छप्पर उतरवून नेलेलं, नुसत्या भिंती. अशा घराच्या अंगणात कोण बाई जाऊन उभी राहील?

उमेझावासान म्हणतात, रंग पाण्यात विरघळणारा आहे, निघेल. मला तीनदा सांगितलं: "गार पाणी. दोन मिनिटं. कापसानं टिपायचं, घासायचं नाही. आणि कोमट पाणी लावाल तर मला तोंड दाखवू नका, फोटोची साय होऊन वाहून जाईल." मग म्हणाले की संग्राहक म्हणून मी तो धुवू नये, कारण असा रंगवलेला मूळ फोटो आता कुठेच नाही. धुतला तर तो कुणाच्या तरी घरातला एक फोटो होईल, बस.

म्हणून मी विचार करते आहे. तू घाई करू नकोस.

तुझी ताई


नागोया, ४ ऑक्टोबर १९९९

प्रिय नोबुए,

नीट पोहोचलीस ना? गाडी बदलताना कुणी हात दिला का? तू न कळवता आलीस म्हणून मी जरा गोंधळले, नाहीतर स्टेशनवर आले असते.

दारात उभी होतीस तेव्हा मला आधी तुझा कोट दिसला. माशांच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या बायकांच्या कोटाला जो वास येतो तो तुझ्या कोटाला नव्हता, तू धुऊन आणला होतास. मला भरून आलं. चेस्टनटचा भात तुला आवडला हे पाहून बरं वाटलं. तो मी तुझ्यासाठी केला नव्हता, पण पुरला.

तू चार डबे पाहिलेस. कार्ड नाकाला लागेल इतकं जवळ धरत होतीस, एक एक, आणि प्रत्येक वेळी "हे कुठलं, ताई?" मी नदीचं नाव सांगत होते. किती वर्षांनी आपण दोघी अशा एका टेबलाशी बसलो. मी मनात म्हटलं, संध्याकाळ होऊच नये.

मग तू सरळ विचारलंस, "फोटो कुठंय?"

मी म्हटलं, तोक्योला पाठवलाय, जाणत्या माणसाकडे, धुवायला.

तू हातातलं कार्ड डब्यात परत ठेवलंस. मग म्हणालीस, "तू लहानपणीही असंच करायचीस. काहीतरी लपवलं की जास्त गोड बोलायचीस." आणि हसलीस. मीही हसले. तू तेव्हा तीन वर्षांची होतीस, तुला लहानपणीचं काय आठवणार.

जाताना दारात बूट चाचपडत म्हणालीस, "ताई, मला ना लग्नाचं काही वाटत नाही आता. त्या माणसाचा चेहरासुद्धा विसरले. पण बेचाळीस वर्षं मी हेच धरून चाललेय की मला टाकून गेली. माझ्यात काय कमी होतं ते कळत नाही. ती आली असेल ना, तर मला आंधळं व्हायला चालेल."

तुला सांगायचं आहे ते हे. फोटो तोक्योला गेलेला नाही. तू जेवत होतीस त्या टेबलाच्या खणात होता. तुझ्या भाताच्या वाटीच्या बरोबर खाली.

आम्हाला शाळेत रोज झोपण्याआधी दिवसभराचं मन तपासायला शिकवलं होतं. ती सवय अजून गेली नाही. म्हणून लिहिलं.

तुझी ताई


नागोया, २ नोव्हेंबर १९९९

प्रिय नोबुए,

तुझ्यासाठी शेजारणीनं लिहिलेलं पत्र मिळालं. तिचं अक्षर छान आहे. तिनं तुझे शब्द जसेच्या तसे उतरवले असावेत, कारण त्यातले दोन मी आजवर कुणा स्त्रीच्या पत्रात वाचलेले नाहीत. तिला लिहिताना संकोच वाटला असेल. माझ्यातर्फे क्षमा माग.

तू म्हणतेस, फोटो दे नाहीतर वाचनालयात येऊन सगळ्यांसमोर सांगेन. सांग. तिथे एक अंध वाचकांचाही विभाग आहे, तुला चहा देतील.

हे लिहिलं आणि खोडावंसं वाटलं. खोडत नाही. एक दिवस तरी मी न खोडता लिहायला हवं.

आई कुणा माणसाबरोबर गेली नव्हती. माणूस कुणी नव्हताच. बाबांनी तिच्या कानाखाली अशी मारली होती की उजव्या कानानं तिला ऐकू येईनासं झालं. मार्चमध्ये ती एकटी निघून गेली आणि ओकायाला रेशमाच्या गिरणीत लागली. माणसाची गोष्ट बाबांनी गावात पसरवली, त्यांना बरं दिसावं म्हणून. मला खरं ठाऊक होतं. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या आत्याला मी चहासोबत खोटं वाढलं, आणि खरं बोलल्याचं पुण्य वर्षानुवर्षं घेतलं.

ओकायालाच सहा वर्षांनी छातीच्या रोगानं गेली, हे तू घराण्याच्या सरकारी नोंदवहीत वाचलंच आहेस.

तिनं तिथून एकदा निरोप पाठवला होता. कामगारांच्या छावणीत भात शिजवणारी एक बाई होती, ती माझ्या शाळेच्या वाटेवर थांबली. म्हणाली, "तुझी आई तीन तारखेला दुपारी वरच्या जुन्या घरी येणारे. त्यानंतर रस्ता बंद होतोय. बापाला सांगू नको."

तीन तारखेला मी वर गेले नाही. तुला घेऊन बाजारात गेले आणि किसलेल्या बर्फावर तांबडं सरबत घालून दिलं. तू दोन वाट्या खाल्ल्यास आणि तुझी जीभ संध्याकाळपर्यंत लाल होती. बाबा म्हणाले, "हिनं काय रक्त प्यायलंय का?" आपण तिघंही हसलो.

त्याच महिन्यात आपल्या आत्यानं मला नागोयाला, नन्सच्या शाळेत घालायचं कबूल केलं होतं. मला वाटे, आईबरोबर गेले तर ती शाळा जाईल. वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच कारण सांगितलं. वाईट आहे, पण समजण्यासारखं आहे. पाद्र्यालाही मी हेच सांगितलं. त्यांनी समजून घेतलं.

आणि ती आली की नाही हे मला कधीच कळलं नाही. बाई निरोप देऊन गेली ती गेलीच. आली नसेल, असं मी धरून चालले. आली नसली तर माझ्याकडून काहीच झालं नाही. आता कळलं ना, मी धरणांचीच कार्डं का गोळा करते? तुला एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे. मलाही तीच. फक्त तुला एक उत्तर हवं आहे आणि मला दुसरं.

धुवेन. तुला शब्द देते.

तुझी ताई


नागोया, १२ डिसेंबर १९९९

प्रिय नोबुए,

काल धुतला.

सकाळी, खिडकीपाशी, चांगल्या उजेडात. पांढरा तसराळा, गार पाणी, कापूस. उमेझावासाननी सांगितलं अगदी तसं. मिनिटाभरात रंग सुटायला लागला. आधी लाटा गेल्या, मग निळा धुरासारखा वर आला. पाणी पाण्यात उतरत होतं. आधी डोंगराचा पायथा दिसला, पायऱ्यांची शेतं, आपला बांध. मग अक्रोडाचं झाड. मग ती.

ती आली होती, नोबुए. तुझा प्रश्न इथे संपला.

चेहरा अगदी स्पष्ट होता. फोटोवाल्याची काच उत्तम असली पाहिजे. ती रस्त्याकडे बघत होती, खालून कुणी वर येतंय का ते. मान जराशी वळवलेली, चांगला कान पुढे करून. चेहरा कसा होता ते मला लिहिता येईल, माझी भाषा वाईट नाही. लिहीत नाही. तुझ्यासारखा नव्हता, एवढं सांगते.

तिच्या हातात तान्ह्या मुलाला पाठीशी बांधायचा पट्टा होता. जांभळा असावा, आपल्या घरी तोच होता. लांब, दुमडून मनगटावर टाकलेला. एकच. पायाशी बोचकं, तेही लहान, एका माणसाला आणि एका पोरीला पुरेल एवढं.

आता राहिलेलं सांगते. निरोप मी तुला अर्धा लिहिला. पाद्र्यालाही अर्धाच सांगितला होता. भातवाली बाई पुढे म्हणाली होती, "धाकटीला घेऊन ये म्हणालीय. तू मोठी आहेस, तू बापाला सांभाळ. दोघींना पोसायचं तिला जमायचं नाही म्हणे." आणि माझ्या डोक्यावर हात फिरवून म्हणाली, "शहाणी पोर ती. तुझ्यावर विश्वास आहे तिचा."

शाळेसाठी नव्हतं ते. शाळा आत्यानं दिली नसती तरी मी वर गेले नसते. मी चौदा वर्षांची होते. पाठीवर बसण्याएवढी लहान नव्हते आणि बापाला सांभाळण्याएवढी मोठीही नव्हते.

बेचाळीस वर्षं मला वाटत होतं, कदाचित तिनं मन बदललं असेल. कदाचित माझ्यासाठीही काही आणलं असेल. एखादं दुसरं बोचकं. मी भिंग घेऊन सगळं अंगण पाहिलं. भिंतीच्या आड पाहिलं. झाडामागे पाहिलं.

दोन मिनिटं झाली होती. बाहेर काढायला हवा होता.

शेगडीवर किटली होती. मी ती उचलली. मला घाई नव्हती, रागही नव्हता, हे तुला खरं सांगते. कडेनं ओतली, हळू. आधी काही झालं नाही. मग फोटोला सुरकुती पडली, दुधावर साय धरते तशी, आणि ती साय कागद सोडून हलायला लागली. आई एका बाजूनं उचलली गेली. पट्टा, बाही, मग मान. चेहरा शेवटी गेला. मी शेवटपर्यंत पाहिलं, नजर हटवली नाही. मला वाटतं आता तो मला कधी विसरता येणार नाही.

तेव्हा ती तुला न्यायला आली होती, आणि फक्त तुला. हे तुला हवं होतं ते तुझं. चेहरा मी ठेवला. मला वाटणीत तिच्याकडून काहीतरी यायला हवं होतंच.

कागद टिपकागदात वाळवून सोबत ठेवला आहे. पुढून कोरा आहे. मागची पेन्सिल मात्र गेली नाही, तारीख चांगली वाचता येते. शेजारणीला वाचायला सांग. देव्हाऱ्यात तू रिकामी चौकट ठेवली आहेस असं म्हणाली होतीस, तिच्या मापाचा आहे, कापावा लागणार नाही.

डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीच्या आत तुझ्या हाती पडावा, म्हणून जलद टपालानं पाठवते आहे.

तुझी ताई